भोपळ्यातला रेडिओ

माझ्या बहिणीचं लग्न एकाच दुपारी चार वेळा सुरू झालं. चारही वेळा नवरा तोच होता. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या दिवशी ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही, आणि त्याचं कारण मी होतो. (पाड्यावरचे लोक रेडिओला दोष देतात. तो त्यांचा चांगुलपणा.)

मी तेव्हा जव्हारला कॉलेजात होतो, बारावी सायन्सला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि पाड्यावरूनही पहिलाच. आमचा पाडा खोडाळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. तिथून जव्हार म्हणजे काही परदेश नाही, पण मला तसंच वाटायचं. वर्गात मी तिसऱ्या बाकावर एकटा बसायचो. मुलं वाईट नव्हती. ती आपापसात सिनेमाबद्दल बोलायची, क्रिकेटबद्दल बोलायची आणि मध्येच माझ्याकडे बघून "काय?" म्हणायची. मी "हो" म्हणायचो. तिथे विषय संपायचा. बाकी दिवसभरात माझं बोलणं म्हणजे सकाळचं "हजर, सर". त्यातही माझा आवाज इतका बारीक, की कधीकधी तो सरांपर्यंत पोचायचाच नाही आणि मी बाकावर बसलेलो असताना माझी गैरहजेरी लागायची. उठून सांगावं असं वाटायचं. पण सांगायलाही पुन्हा आवाजच लागतो.

राहायला इब्राहीमशेठच्या वखारीतली मागची खोली होती. इब्राहीमशेठ जव्हारचे गवताचे व्यापारी. माझा मोठा भाऊ देवदादा त्यांची जुनी ॲम्बेसेडर भाड्याने चालवायचा. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा, सीटा भरतील तशी. दादाच्या ओळखीने मला खोली मिळाली. खोलीत एका बाजूला छपरापर्यंत गवत आणि दुसऱ्या बाजूला मी. परीक्षेच्या दिवसांत मी मोठ्याने वाचायचो, त्यामुळे गवताचा बराच अभ्यास झाला.

शनिवारी घरी जायचो. पण घरीही एक पंचाईत झाली होती. मी कॉलेजात गेल्यापासून घरचे मला मान द्यायला लागले होते. मी आलो की बा खाटेवरून उठायचा. आय म्हणायची, "तू बस, वाच." लाकडं फोडायला कुऱ्हाड घेतली की कोणीतरी हातातून काढून घ्यायचं. पाहुण्यासारखा मी खाटेवर बसायचो आणि सगळे माझ्यापुढून दबक्या पावलांनी जायचे. फक्त माझी बहीण सोमी मला मान देत नसे. ती नागली दळायला बसली की हाक मारायची, "काशा, इकडं ये. या आठवड्यात काय शिकलास ते सांग."

"तुला कळायचं नाही."

"मला नायच कळत. पण तू बोल. जात्याला जरा सोबत."

मग मी जात्याजवळ बसून वीज, चुंबक, प्रकाशाचं वक्रीभवन असं सगळं सांगायचो. पीठ पडायचं आणि माझा आवाज हळूहळू मोठा व्हायचा. आठवडाभराचं बोलणं मी त्या एका दळणात बोलून घ्यायचो.

अशात सोमीचं लग्न ठरलं. मुलगा वांगणीचा. वांगणी म्हणजे जव्हारच्याही पलीकडे, वावर गावाच्या बाजूला. पुढे रस्ताच नाही. मी म्हटलं, "चांगलं झालं." शनिवारी मी कोणाशी बोलायचं, हा प्रश्न मी विचारला नाही. लग्नघरात विचारावा असा तो प्रश्न नव्हता.

इब्राहीमशेठ स्वतःहून म्हणाले, "देवू, मुलगी आपल्या गाडीतून जाईल. वावरपर्यंत सोड, पुढे चालतील." ही बातमी कळताच सोमी मला म्हणाली, "एक काम करशील? मी एकदा त्या गाडीतनं मोखाड्याला गेले होते, मागच्या सीटवर. रेडिओ नुसता दिसला. ऐकू काय आला नाय. माझ्या टायमाला मागं ऐकू येईल असं कर."

"मी?"

"तू तेच शिकतोस ना?"

मी तेच शिकत नव्हतो. पण "नाही" म्हणायला मला जितका आवाज लागतो तितका त्या वेळी निघाला नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला ते काम हवं होतं. सोमी जाताना तिला मी काय बोलणार होतो? मला बोलता येत नाही. निदान तिच्या कानाशी एक गाणं तरी माझ्या हातचं वाजावं, असं मला फार वाटलं.

गाडीत कंपनीने बसवून दिलेला रेडिओ होता. त्याचा एकुलता एक स्पीकर पुढे, काचेखाली. त्यातून येणारा आवाज गोधडी पांघरून बोलणाऱ्या माणसासारखा. गाडी उभी असली तर ड्रायव्हरला ऐकू यायचा. गाडी चालू झाली की ड्रायव्हरलाही नाही. दादाने बरीच वर्षं तो रेडिओ केवळ बघितला होता.

नवे स्पीकर घेणं मला शक्य नव्हतं. जव्हारच्या बाजारातल्या रेडिओवाल्याने मेलेल्या रेडिओंचे दोन स्पीकर काढून दिले. त्यांचा कागद फाटलेला होता. तो मी भाताच्या खळीने वर्तमानपत्र चिकटवून शिवला, म्हणजे बुजवला. रेडिओवाला म्हणाला, "आता ह्यांना लाकडी पेटी कर. पेटीशिवाय आवाज घुमत नाही." लाकडी पेटी सुतार करतो आणि सुतार पैसे घेतो. मी दोन दिवस विचार केला, आणि मला आमचा बा आठवला. बा तारपा वाजवतो. तारप्याला कुठे लाकडी पेटी असते? वाळवलेल्या भोपळ्यात फुंकर घातली की डोंगरापलीकडच्या पाड्यावर ऐकू जातं. पुस्तकात ध्वनीच्या धड्यात हेच लिहिलं होतं, फक्त भोपळ्याचं नाव नव्हतं.

"भोपळे पाहिजेत," मी बाला म्हटलं.

"कशाला?"

"गाडीला."

बा माळ्यावर चढला आणि दोन भोपळे घेऊन उतरला. "हा तारप्याला लहान पडला. आन् ह्याचं तोंड वाकडं हाय. तुझ्या रेडिओला चालंल." शिकलेल्या मुलाला जास्त विचारू नये, असं त्याने ठरवलेलं दिसलं. त्याने आणखी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादा गाडी घेऊन आला आणि मांडवाच्या कामाला लागला. मी गाडीत शिरलो. भोपळ्यांना गोल भोकं पाडून त्यांत स्पीकर बसवले आणि दोन्ही भोपळे मागच्या काचेजवळच्या फळीवर, तोंडं पुढे करून, सुतळीने बांधले. वायर मंडपवाल्याची उरलेली, सगळी लाल. चिकटपट्टी नव्हती, म्हणून सांधे मी घायपाताच्या वाखाने गुंडाळले.

एवढ्यावर थांबलो असतो तर सोमीचं लग्न एकदाच सुरू झालं असतं. पण आवाज अजून मनासारखा मोठा येईना. मी पाहिलं तर आवाजाचं बटण झिजलेलं. मी असा विचार केला: बटण म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. अडथळा काढला तर वीज सरळ जाईल. म्हणून मी बटण वगळून वायर जोडली. पुन्हा विचार केला: चावीतून येणारी वीज कमी पडत असेल, तर चावी तरी कशाला? काचेखालच्या वायरींच्या जुडग्यात ज्या वायरीत कायम वीज असते अशी एक शोधून तिच्यावरून रेडिओ घेतला. हा विचार तपासायला जवळ कोणी नव्हतं. सोमी हळदीत होती.

रेडिओ गरजला. भोपळ्यांतून आवाज असा आला, जणू विहिरीच्या तळाशी बसून कोणी देव बोलतोय. बाहेर बांधलेला बैल दावं तोडून गेला. दादा धावत आला आणि तोंडभर हसला. "झक्कास. आता बंद कर."

मी बटण फिरवलं. पण बटण तर मी वगळलं होतं. आणि रेडिओ बंद करायचं बटणही तेच होतं. मी चावी काढली. चावीही मी वगळली होती. मी वायरींचं जुडगं जरासं हलवलं, आणि रेडिओ अचानक गप्प झाला.

"झाला बंद," मी म्हटलं.

"असा बंद होतो?"

"असाच."

दादाने मान हलवली. शिकलेल्या भावावर त्याचा विश्वास होता. माझाही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. गाडी मांडवाशेजारच्या मोहाच्या सावलीत उभी होती. इब्राहीमशेठ एस.टी.ने आले, गाडीजवळ थांबले आणि मागच्या काचेतून बराच वेळ आत बघत राहिले. "काशिनाथ, वऱ्हाड उतरलं ना? मग हे दोघं अजून आत का बसलेत?"

"ते भोपळे आहेत, शेठ."

"बरं, बरं," शेठ म्हणाले, आणि खाटेवर जाऊन बसले.

आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांतच लग्न लागतं. आमची धवलेरी आजी म्हणजे पंचक्रोशीत मान असलेली बाई. ती भिंतीवर चितारलेल्या देवाच्या चौकासमोर बसते, एकेका देवाला नाव घेऊन गाण्यातून बोलावते, आणि सगळे जमले की मग नवरानवरीचं बघते. तिचा नियम एकच: गाणं मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. "अर्ध्या वाटेवर आलेला देव माघारी जातो," असं ती म्हणते. आणि नवरीच्या मागे मोठ्या भावाने बसायचं, गाणं संपेपर्यंत उठायचं नाही. म्हणजे दादा तिथे अडकला आणि गाडी माझ्याकडे राहिली.

आजीने गाणं उचललं. पाच-सहा देव आले असतील. तेवढ्यात उन्हाने कंटाळलेला एक पाहुणा सावलीत आला आणि गाडीला टेकला. गाडी जराशी हलली. वाखाने बांधलेल्या वायरी एकमेकींना भेटल्या.

"आता ऐका बाजारभाव," भोपळे म्हणाले. "कांदा, लाल, मध्यम प्रत..."

आजी थांबली. कांदा, बटाटा, गूळ असं सगळं होईपर्यंत मी जुडगं हलवत होतो. हरभऱ्याला रेडिओ गप्प झाला. मी मांडवाकडे बघून हात जोडले.

"झालं त्याचं?" आजीने विचारलं.

"झालं, आजी. आता नाही बोलणार."

"मंग माझं धरते," आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं.

मी गाडीभोवती पहारा द्यायला लागलो. जो येईल त्याला सांगत होतो, "टेकू नका." पण मी सांगतोय हे लोकांना ऐकू जात नव्हतं; माझा आवाज आधी सांगितला तसा. वांगणीचे एक म्हातारे पाहुणे माझ्याकडे बघून प्रेमाने हसले, "हो, हो," म्हणाले आणि सबंध पाठ टेकून उभे राहिले.

"मच्छीमारांना सूचना," भोपळे गरजले. "समुद्र खवळलेला राहील. कोणीही होड्या पाण्यात घालू नयेत."

"आपल्यात कोण चाललंय समुद्रात?" मांडवातून कोणीतरी विचारलं. वऱ्हाडातल्या बायका हसायला लागल्या. सोमीचे खांदे हलताना मला दिसले, आणि ती रडतेय असं मला वाटलं. दादाने बसल्या जागेवरून माझ्याकडे बघितलं. तो उठू शकत नव्हता, हे त्या क्षणी माझ्या फार फायद्याचं होतं.

आजी पाणी प्यायली आणि तिने तिसऱ्यांदा सुरू केलं.

गाडी ढकलून लांब न्यावी असं चौघांनी सुचवलं. पण हात लावला की भोपळे घसा खाकरायचे, म्हणून ते बारगळलं. बॅटरी सोडवायला गेलो, तर तिचे नट गंजलेले आणि पाना खोडाळ्याच्या गॅरेजवर राहिलेला. शेवटी मी सगळ्यांना हाताने धरून सावलीबाहेर काढलं. गाडीजवळ एकही माणूस राहिला नाही. मी समाधानाने मागे वळून पाहिलं, तर आमची शेळी बॉनेटवर चढून मोहाचा पाला खात होती.

या वेळी रेडिओवर बाजारभाव नव्हते. एक बाई गोड आवाजात बोलत होत्या. "लहान कुटुंब, सुखी कुटुंब. पहिल्या मुलानंतर लगेच दुसऱ्याचा विचार करू नका..."

मांडवात कोणीच कोणाकडे बघेना. नवरदेवाने मान खाली घातली. आजी सावकाश वळली आणि भोपळ्यांकडे बघून म्हणाली, "बाई गं, आधी लगीन तर लागू दे."

आता मात्र मी निश्चय केला. विळा घेतला, गाडीत शिरलो आणि त्या जुडग्यातली एक लाल वायर कापली. माझ्या हिशोबाने ती रेडिओची होती. पण लाल तर सगळ्याच होत्या. विळ्याचं पातं आणखी कुठेतरी लागलं आणि हॉर्न सुरू झाला. रेडिओ चालूच. त्या बाई हॉर्नमधून कुटुंबाचे फायदे सांगत राहिल्या. मी दुसरी वायर कापली, तेव्हा पाऊस नसताना काचेवरचे वायपर फिरायला लागले. तिसरीला हात घालणार, तेवढ्यात खिडकीशी इब्राहीमशेठ आले.

"राहू दे, बेटा," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत ही गाडी माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. आता अजून काय काय बोलेल ते मला नको ऐकायला."

आजीने मांडवात पाय लांब केले आणि तंबाखूची पुडी सोडली. "वाजू दे. त्याला काय पोट हाय? दम गेला की गप बसंल."

तसंच झालं. हॉर्न आधी रेड्यासारखा होता, मग वासरासारखा झाला, मग डासासारखा. वायपर काचेच्या मध्यावर थांबले. रेडिओवरच्या बाई पुटपुटत पुटपुटत निघून गेल्या. बॅटरीत काही उरलं नाही. आजीने तोंड धुतलं, चौथ्यांदा सगळ्या देवांना बोलावलं, आणि सोमीचं लग्न लागलं. गाणं फार सुरेख झालं असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. मी गाडीत बसून समोरच्या थांबलेल्या वायपरकडे बघत होतो. गाडी आता सुरू होणार नाही हे मांडवात फक्त मला माहीत होतं, आणि सांगायचं कसं ते सुचत नव्हतं.

सांगावं लागलं नाही. पाठवणीच्या वेळी दादाने चावी फिरवली आणि गाडीने नुसता "टक" केलं. वऱ्हाडाने उतारापर्यंत ढकलली, पण उतार संपला तरी इंजिन जागं झालं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला, पाड्यापासून बरीच खाली जाऊन थांबली. दादा उतरला, दार लावलं आणि शांतपणे माझ्याजवळ आला.

"तुझं शिकायचं अजून किती राह्यलंय?"

"बरंच."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "हे तुला अजून शिकवलं नसंल."

तेवढ्यात जव्हारकडे जाणारी एस.टी. वळणावर दिसली. दादाने हात केला. नवरानवरी, आय-बा, शेठ, सगळं वऱ्हाड तिच्यात चढलं. आय-बा जव्हारपर्यंत पोचवायला निघाले होते. सोमीला खिडकी मिळाली. मी खाली उभा राहिलो. तिचे डोळे पुसलेले होते.

"सोमे," मी म्हटलं, "माझ्यामुळे—"

"काशा, मी रडलेच नाय," ती म्हणाली. "मांडवात हसून हसून पोट दुखलं. बायका नावं ठेवतायत, नवरी हसते म्हणून." मग ती जरा खाली वाकली. "मला एवढं सांग. मागं ऐकू येत होतं का?"

"मी पुढे होतो. मागे बसून पाहिलंच नाही."

"काय रं तू. बघायचं ना."

कंडक्टरने घंटी मारली. मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण इंजिनाच्या आवाजात माझा आवाज गेला. तिने कानाला हात लावून "काय?" असं विचारलं. मी, सवयीने, "हो" म्हटलं.

दादा नवी बॅटरी बघायला खोडाळ्याला चालत निघाला. "गाडीजवळ बस. कशाला हात लावू नको," असं त्याने दोनदा बजावलं. मांडवातली माणसं पांगली. उन्हं उतरली. रस्त्यावर मी आणि ती ॲम्बेसेडर. मी बॉनेटला न टेकता बसलो. एक माणूस गुरं घेऊन गेला. त्याने विचारलं, "बंद पडली?" मी "हो" म्हटलं. दुसरं कोणी आलं नाही.

बराच वेळ गेला असेल. संपलेली बॅटरी विसावली की तिच्यात थोडी, हॉर्नला नाही तरी रेडिओला पुरेल एवढी धुगधुगी परत येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी शिकवलं. मी काहीच केलं नव्हतं, शेळीही जवळ नव्हती. पण गाडीत कोणीतरी हलक्या आवाजात बोलायला लागलं. "श्रोतेहो, आता ऐकूया लोकांच्या पसंतीची गाणी." मी आजूबाजूला बघितलं. श्रोता म्हणून तिथे मीच होतो.

मी मागचं दार उघडलं आणि सीटवर बसलो. सीटवर सोमीसाठी घातलेली नवी चादर होती. ती सरकवून मी एका बाजूला झालो, कोणी येणार असल्यासारखा. दोन्ही कानांमागे दोन भोपळे. गाणं सुरू झालं. हॉर्न नाही, इंजिन नाही, बाजारभाव नाहीत. एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता. बाचे भोपळे उत्तम होते. वाकड्या तोंडाचा तर जास्तच.

प्रयोगाच्या शेवटी निष्कर्ष लिहायचा असतो, असं आमचे सर सांगायचे. तो मी तिथे बसून मनातल्या मनात तयार केला: मागच्या सीटवर आवाज अतिशय स्पष्ट येतो, मात्र त्यासाठी गाडी बंद असावी लागते, लग्न उरकलेलं असावं लागतं, आणि जिला ऐकवायचं ती एस.टी.ने निघून गेलेली असावी लागते.